बुधवारची बोली

लिलावघर मंगळवारी बंद असे, आणि म्हणूनच घरातली सगळी भांडणे मंगळवारी होत. इतर दिवशी गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवण्याची मुभा नव्हती. तशी मोठ्या बाईंची सक्त ताकीद होती. जिभेवर आलेला शब्द आठवडाभर दाबून ठेवायचा आणि मंगळवारी न्याहारी उरकल्यावर खालच्या दालनात, न विकल्या गेलेल्या सामानाच्या मधोमध बसून तो बाहेर काढायचा, अशी या कुटुंबाची शिस्त होती. शिस्तीचे भांडण असल्यामुळे ते लांबतही फार.

त्या मंगळवारी मोठ्या बाई आपल्या उंच खुर्चीत बसल्या. खुर्ची त्यांच्या यजमानांची. ते गेले तेव्हा बाईंनी हातोडा स्वतःच्या हाती घेतला, दोन मुलगे आणि एक मुलगी वाढवली, आणि गुडघे कुरकुरू लागल्यावर हातोडा थोरल्या मुलाच्या स्वाधीन केला. खुर्ची मात्र दिली नाही. दर बुधवारी मोठी विक्री असे आणि बाई या खुर्चीतून सगळे दालन डोळ्यांखाली ठेवत. कुणाची बोली खरी आणि कुणाची नुसती हौशी, हे त्यांना माणसाच्या बुटांवरून कळे. बाकीचे सहा दिवस त्या बुधवारची वाट पाहण्यात घालवत.

"आज विषय एकच," बाई म्हणाल्या. "ठकी."

ठकी ही त्यांची पणती, थोरल्याच्या मुलाची मुलगी. वय आठ महिने. त्या घटकेला ती एका टेबलाखाली बसून त्याच्या पायाला बांधलेली विक्रीची चिठ्ठी चघळत होती.

"तिला आता काय कमी पडलंय?" थोरल्याने विचारले. तो पियानोच्या बाकावर बसला होता. पियानो केव्हाच विकला गेला होता, बाक उरला होता. "पाळणा आहे, गाडी आहे, टब आहे."

हे खरेच होते. या पोरीच्या संसारात विकत आणलेली वस्तू शोधून सापडली नसती. पाळणा एका मोडलेल्या भागीदारीच्या सामानातला. अंघोळीचा टब बंद पडलेल्या दवाखान्यातला. बाबागाडीची तीन चाके एका जातीची आणि चौथे धाकट्याने कुठूनसे आणून बसवलेले, त्यामुळे ती सतत डावीकडे वळे आणि ठकीला गल्लीची एकच बाजू पाठ झाली होती. झबली एका दुकानाच्या उरल्या मालातली, एकजात जांभळी. पोरीला एकच झबले आहे अशी गल्लीची समजूत झाली होती आणि शेजारीण कनवाळूपणे दोनदा चौकशी करून गेली होती. दूध आणि डॉक्टर यांचा खर्च नातवाच्या टेंपोच्या भाड्यातून कसाबसा निघे. लिलावघरात सगळे काही येते. कुणाची रिकामी दुपार मात्र तिथे कधी विकायला येत नाही. आणि नडले होते ते नेमके तिथेच.

"तू सांग," बाई नातसुनेकडे वळल्या.

नातसून दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यांतून साचे येत, त्यांवरून ती मेणाचे आणि मग चिनीमातीचे दात घडवी. माणसाचे उरलेले दात किती पिवळे आहेत ते पाहून नव्याला नेमका तेवढाच पिवळा करणे, यात तिचा हात धरणारे शहरात कुणी नव्हते. बोलायची कमी.

"मालकांचा निरोप आलाय," ती म्हणाली. "सोमवारपासून सहाही दिवस यायचं. नाहीतर ते दुसरी मुलगी घेतायत. पलीकडच्या रस्त्यावरच्या पाळणाघरात विचारलं. माझा पगार एका हाताने घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने तिथे नेऊन द्यायचा, एवढंच होईल."

"मग काही दिवस घरी बस की," नातू म्हणाला. तो वाईट नव्हता. त्याला टेंपोत मावेल एवढाच विचार एका वेळी पेलवे.

नातसुनेने फक्त आपल्या बोटांकडे पाहिले. त्या बोटांना आठ महिन्यांत मेण लागले नव्हते. बाईंनी ते पाहिले, आणि या घरात कामाला जाणाऱ्या बाईला घरी बस म्हणणारा हा पहिला पुरुष आपल्याच नातवाच्या रूपाने निपजला, याचा त्यांना संताप आला.

"कोण सांभाळणार पोरीला?" त्यांनी सरळ विचारले.

दालनात एकदम सगळ्यांना कामे आठवली.

"मी तिची सख्खी आजी," थोरली सून म्हणाली, "माझा जीव तुटतो हो. पण गल्ल्यावर कोण बसेल? तिला मी हवं तर दुसरी गाडी देते. गोदामात आहे एक. चारही चाकांची."

"मी उभा जन्म लोकांची पोरं धुतली-पुसली," आत्या म्हणाली. थोरल्याच्या पाठची ही बहीण दवाखान्यात परिचारिका होती, आता निवृत्त होऊन मागच्या गल्लीत राहत होती. "आता कुठे पाठ टेकतेय. टॉनिक लागेल ते मी आणीन. आणि हो, तुझ्या वहिनीला सांग, गाडीने पोर वाढत नाही."

हे शेवटचे धाकट्याला उद्देशून होते. धाकटा लग्नाच्या भानगडीत न पडता मागच्या बाजूला फर्निचरला पॉलिश करी, आणि गेली दोन वर्षे या नणंदा-भावजयांमध्ये टपाल पोचवी. कारण होते आरशाचे कपाट. त्याला किल्ली नव्हती आणि दालनात त्याला कुणी विचारत नव्हते. थोरलीने सहज हात वर केला, म्हणून आत्याने केला; आत्याने केला, म्हणून थोरलीने पुन्हा केला; आणि शेवटी ते नव्या कपाटापेक्षा महाग दराने थोरलीच्या गळ्यात पडले. हातोडा पडला की माघार नाही, हा कायदा घरच्यांनाही लागू होता. कपाट जिन्यात अडकले ते अजून तिथेच होते, आणि सगळे कुटुंब रोज अंग चोरून वर जाई.

"ताईंना सांगा भाऊजी," थोरली म्हणाली, "टॉनिकनेही वाढत नाही म्हणावं."

"ऐकलं तिने, वहिनी. तिथेच बसलीय ती," धाकटा म्हणाला. "आणि माझ्याकडे बघू नका. माझ्या हाताला स्पिरिटचा वास. पोर झिंगेल."

"मी तर नुसता बोललो तरी ती दचकते," थोरला म्हणाला, आणि त्याचा तो लिलावी आवाज ऐकून ठकी खरोखरच दचकली.

बाईंनी एकेकाकडे पाहिले. वस्तू द्यायला सगळे पुढे, वेळ द्यायला सगळे मागे. पण आपल्या रक्ताचा आजार त्यांना ठाऊक होता: समोरचा हात वर करेपर्यंत या घरात कुणाला काही नको असते, आणि त्याने केला की त्याच्या हाती ते पडलेले बघवत नाही. त्या खुर्चीत ताठ झाल्या.

"हातोडा आण," त्या थोरल्याला म्हणाल्या.

"आई, आज सुट्टी आहे."

"आण म्हटलं ना?"

हातोडा आला. बाईंनी तो हातात तोलला. किती दिवसांनी! गुडघ्यांची कुरकुर तेवढ्यापुरती थांबली.

"विक्रीला आहेत ठकीचे दिवस," त्यांनी पुकारले. "सोमवार ते शनिवार. बोली तासांची. पैशांची नाही, पैसे असते तर आपण इथे बसलोच नसतो. पहिला सोमवार. कोण म्हणतं एक तास?"

कुणीच म्हणेना. दालनात ठकीच्या चघळण्याचा तेवढा आवाज. आत्याने चष्मा सावरला.

"एक तास, चष्म्याकडे!"

"अगं आई, मी चष्मा सावरला!"

"या दालनात चष्मा सावरणं म्हणजे बोली. तुझ्या वडिलांनी एका चष्म्यावर अख्खा छापखाना विकला होता. एक तास. एक वार..."

"एक तास!" थोरली हसली. "भाऊजी, ताईंना सांगा, एका तासात दुपटंसुद्धा वाळत नाही."

"मग तुमची किती, सूनबाई?"

"मी आपलं नुसतं म्हटलं..."

"दोन तास," आत्या म्हणाली.

"दोन तास, पुन्हा चष्म्याकडे. सख्खी आजी गप्प आहे. दोन तास, एक वार... दोन वार..."

"चार!" थोरली उभीच राहिली. "माझ्या नातीला दोन तासांत उरकतात होय?"

"सहा! तुमची नात असेल, पण ताप आल्यावर तिला कुठे आणता, माझ्याच दारात ना?"

"ताप येतोच तुमच्या टॉनिकने! सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आई! सबंध दिवस!"

"आणि गल्ला?" थोरल्याने घाबरून विचारले.

"गल्ला तुम्ही बघा!"

हातोडा पडला. तेव्हा कुठे दोघींच्या लक्षात आले की दोन वर्षांनी आपण थेट एकमेकींच्या तोंडावर बोललो. धाकट्याने सुस्कारा सोडला. त्याची टपालाची नोकरी सुटली होती.

बोलीला मंगळवार आला तसा थोरल्याने हाताची घडी घातली. "मी यात पडणार नाही आई. हा डाव मीच रोज खेळतो, मला नको शिकवूस."

"नको पडूस," बाई गोडीने म्हणाल्या. "मंगळवार धाकट्याकडेच जाऊ दे. पोर सांभाळायला हात हलका लागतो. त्याचा आहे तसा."

"मी कुठे काय म्हटलं?" धाकटा ओरडला.

"हलका!" थोरल्याची घडी सुटली. "काचेची झुंबरं मी उतरवतो गोदामात, आणि हात याचा हलका? अर्धा दिवस!"

"दादा, तू झुंबर फोडलंस गेल्या महिन्यात," धाकटा म्हणाला.

"ते आधीच तडकलेलं होतं!"

"पाऊण दिवस. आणि स्पिरिटची बाटली कपाटात ठेवीन."

थोरला पाऊण दिवसावर चढेना, कारण तेवढा वेळ गप्प राहणे त्याला जमणार नव्हते. मंगळवार धाकट्याकडे गेला. मग उरलेल्या रागात थोरल्याने शुक्रवार एका दमात सबंध उचलला आणि आपण हरलो नाही असा चेहरा करून बसला. गुरुवार आत्याने घेतला. थोरलीने फक्त घसा खाकरला होता, तेवढ्यावर आत्या दिवसभरापर्यंत पोचली.

"शनिवारी माझी भाडी असतात, आजी," नातू आधीच बोलून मोकळा झाला.

"शनिवार विक्रीला नाही," बाई म्हणाल्या. "बापाची बोली नसते, बापाने द्यायचं असतं. टेंपो शनिवारी उभा राहील. भाडी रविवारी उचल."

नातवाने बायकोकडे पाहिले. बायकोने छताकडे पाहिले.

राहिला बुधवार. मोठ्या विक्रीचा दिवस. थोरल्याला पुकारा करायचा असे, थोरलीला गल्ला, धाकट्याला सामान हलवायचे, नातवाला पोचवायचे. आणि आत्या त्या दिवशी पावत्या लिहायला येई, कारण तिच्याइतके सुवाच्य अक्षर दुसऱ्या कुणाचे नव्हते. बाईंनी पुकारले. कुणी चष्मा सावरला नाही, कुणी खाकरले नाही. चिथावण्या झाल्या, टोमणे झाले, कपाटसुद्धा निघाले. सगळे पुतळ्यासारखे बसून राहिले. बाईंच्या कारकिर्दीत असा थंड माल आला नव्हता.

"एक तास," कुणीतरी म्हणाले.

ती नातसून होती.

"तू?" बाईंनी हातोडा खाली केला. "आईला काय बोली लावायचीय?"

"लिलावात कुणालाही बोलता येतं ना, आजी? मग माझा एक तास. समोर कुणी नाही, म्हणजे बुधवार मला मिळेल."

"आणि लॅब?"

"मालक म्हणाले, सहाही दिवस नाहीतर नको. मग नको." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी निरोप पाठवते."

"अगं, पण माझा सोमवार?" थोरली कळवळली. "मी एवढं भांडून घेतलाय!"

"तो जाईल, आई. तुमचा गल्ला वाचेल."

मघाशी याच थोरलीला गल्ल्याची केवढी काळजी होती. आता सोमवार हातचा जातो म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी यायचे बाकी होते. आत्या म्हणाली, "हा कुठला न्याय?" थोरल्याने शुक्रवारसाठी नवा हळू आवाज मनातल्या मनात घोटून ठेवला होता, तोही वाया जाणार. पण बुधवारची बोली मात्र कुणाच्या ओठांवर येईना. सगळ्यांच्या नजरा हळूहळू, नको तिथे, उंच खुर्चीवर चढू लागल्या. बाईंनी त्या नजरा परतवल्या. बुधवार त्यांचा होता. तेवढाच होता.

"एक तास," त्यांनी कोरडेपणाने पुकारले. "एक वार."

नातसून हातोड्याकडे बघत होती.

"दोन वार."

आणि इथे बाईंच्या हाडात मुरलेली सवय जागी झाली. चांगला माल मातीमोल जाताना दिसला की पुकारणाऱ्याने भिंतीकडे बघायचे आणि कुणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या नावाने स्वतःच बोली वाढवायची. याला ते घरची बोली म्हणत. खरा घेणारा चिडून वर जातो आणि मालाची किंमत राहते. बाईंनी आयुष्यभर ही कला केली होती. धोका एकच: समोरचा वर गेला नाही, तर माल घरातच पडतो. गोदामातली निम्मी कपाटे अशीच साठली होती.

एक सबंध बुधवार, एका तासाला! बाईंच्याच हातोड्याखाली! त्यांची नजर आपोआप भिंतीकडे गेली.

"दोन तास, मागून," त्या म्हणाल्या.

मागे एक हॅट ठेवायचा खांब होता.

"तीन," नातसून म्हणाली.

"दुपारपर्यंत, मागून."

"दुपारच्या झोपेपर्यंत."

बाईंच्या गालांवर रंग चढला. गिऱ्हाईक चढते आहे. अजून थोडे, आणि भाव जमेल! थोरला बाकावरून अर्धा उठला होता. त्याला डाव दिसला होता, पण त्याच आईने शिकवले होते की पुकारा चालू असताना मध्ये बोलायचे नाही.

"दिवेलागणीपर्यंत!" बाई गरजल्या. "दिवेलागणीपर्यंत, मागून! बोला!"

नातसुनेने पाठ टेकली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "सोडला."

बाईंचा हातोडा हवेतच राहिला. त्यांनी खांबाकडे पाहिले, जणू तो आता तरी पुढे येऊन बुधवार घेईल.

"आई," थोरला फार अदबीने म्हणाला, "मागच्या गिऱ्हाइकाचं नाव काय लिहू?"

धाकट्याने तोंडात रुमाल कोंबला. थोरली आणि आत्या एकमेकींच्या दंडाला धरून हलत होत्या, आणि याचे दोघींनाही भान नव्हते. बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. हातोडा पडला नव्हता. अजून सुटता आले असते. वय होते, गुडघे होते, कुणाची हिंमत होती हरकत घ्यायची? पण समोरची ती पोरगी हसत नव्हती. ती आपल्या बोटांकडेही बघत नव्हती. ती बाईंकडे बघत होती, आणि तिच्या गळ्याची शीर उडत होती.

बाईंनी हातोडा आपटला.

"घरची बोली," त्या म्हणाल्या. "माल घरी राहिला. त्यात हसण्यासारखं काय आहे?"

वर जाताना, जिन्यातल्या अरुंद जागेत, त्यांनी नातसुनेला गाठले. "कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाही, आजी. साचा ओला असताना उचलला की मोडतो. आम्हाला थांबायची सवय असते."

"हं," बाई म्हणाल्या. एवढीच शाबासकी त्यांच्याकडे होती, आणि ती त्यांनी आजवर फार थोड्यांना दिली होती.

*

पहिल्या बुधवारी नातसून सकाळीच गेली. बाई वरच्या खोलीत ठकीला घेऊन बसल्या. खाली विक्री सुरू झाली, आणि दर थोड्या वेळाने थोरल्याचा आवाज फरशीतून वर येऊ लागला. त्याने एक जेवणाचे टेबल कवडीमोलाने फुंकून टाकले तेव्हा बाई तटकन उठल्या; ठकीने त्यांचे बोट तोंडात घालून दोन नवे दात रोवले, आणि त्या परत बसल्या. त्यांनी पोरीची हिरडी बोटाने चाचपली. वरून तिसरा येऊ घातला होता. ही बातमी आईला द्यायची की तिला स्वतः शोधू द्यायची, यावर त्यांनी बराच वेळ विचार केला. टेबलाचे त्यानंतर त्यांच्या डोक्यात राहिले नाही.

मालकाने पहिल्या आठवड्याची सवलत म्हणून नातसुनेला लवकर सोडले. ती धावतच जिना चढली. हातांना मेणाचा वास होता, केसांत पांढरी भुकटी, आणि कामावरून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा छान शीण. दार आतून बंद होते.

"आजी, मी आले. द्या ना तिला."

आत काहीतरी खुळखुळले, मग ठकीचे हसणे. दार बोटभर उघडले आणि फटीतून मोठ्या बाईंचा एक डोळा दिसला.

"बोली दिवेलागणीपर्यंतची आहे," त्या म्हणाल्या. "अजून लख्ख उजेड आहे. जा, हात धू, निवांत चहा पी."

आणि त्यांनी दार लावून घेतले.